वाटेवर ठेवलेले बारा शब्द

मुर्री, पोस्ट गोंदिया, जि. भंडारा
१ नोव्हेंबर १९३८

प्रिय बाई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार, आणि नमस्काराच्या आधी दोन्ही कान धरलेत असं समज. भाऊबीजेला मी सालेकसाला आलो नाही. तू पाट मांडून बसली होतीस, दोन गाड्या येऊन गेल्या, तिसऱ्या गाडीला भाचीबाई रुख्मा स्वतः स्टेशनवर जाऊन उभी राहिली, हे सगळं तुमच्याकडच्या छोटेलालने इथे येऊन मायला सांगितलं. माय ते ऐकून चुलीकडे वळली. त्या दिवशी माझ्या वरणात मात्र मीठ नव्हतं. राहिलं होतं की राहू दिलं होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुझा निरोपही मिळाला. “त्याले म्हणा, कलकत्त्याले जाऊन सण विसरला का बहीण विसरला?” दोन्ही नाही गं. लाज वाटली म्हणून आलो नाही. कशाची लाज, ते सांगायला बसलो तर चार-पाच पानं लागतील, म्हणून आधी चूलपाणी उरकून घे आणि मग वाच. तू अक्षरं लावत वाचतेस म्हणून मुद्दाम मोठं आणि सुटं लिहितो आहे. आमच्या सरांनी हे अक्षर पाहिलं तर म्हणतील, एवढं स्वच्छ तुला येतं आणि प्रयोगाच्या वहीत मात्र मुंग्या सोडतोस.

पहिली गोष्ट म्हणजे, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी बाबांना सांगून टाकलं होतं की मी कलकत्त्याला परत जाणार नाही. एम्.ए. पुरे झालं, भाताच्या गिरणीत कारकुनाची जागा आहे, ती धरतो. बाबांनी हे तुला कळवलं नसणार, कारण बाबांना वाईट बातमी लिहिता येत नाही. आता यामागचं ओझं ऐक. पूजेच्या सुट्टीनंतर जी टर्म सुरू होते, ती थेट मार्चच्या परीक्षेला जाऊन भिडते. त्या पाच महिन्यांत आठ पेपरांचा अभ्यास. चोवीस प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोग शाईने वहीत उतरवून, त्याचे आलेख काढून, सरांची सही घेऊन. मानसशास्त्राची मोठी पुस्तकं जर्मन भाषेत आहेत, म्हणून मांडीवर शब्दकोश घेऊन एका पानाला एक दुपार या हिशेबाने जर्मन. आकडेमोड, वर्गमुळं, सरासऱ्या. आणि या सगळ्याच्या डोक्यावर प्रबंध. गाढवावरसुद्धा कोणी एवढं लादत नाही, आणि लादलं तर गाढव निदान खाली बसून घेतं. मागच्या टर्मच्या शेवटी माझं असं झालं की एकच पान चार वेळा वाचायचं आणि पाचव्या वेळी ते नवंच वाटायचं. मन कसं चालतं याचं शास्त्र शिकायला गेलो आणि माझंच मन चालेना. हे कुणाला सांगायचं? वसतिगृहात सांगितलं असतं तर हसले असते.

प्रबंधाचा विषय मी मोठ्या हौसेने घेतला होता. शिकलेल्या माणसाची आठवण आणि न शिकलेल्या माणसाची आठवण, यांत फरक काय? रीत सोपी आहे. माणसाला एकट्याला खोलीत बसवायचं. टकटक करणारं एक लाकडी यंत्र असतं, ते लावायचं. दर दुसऱ्या टकटकीला एक असे बारा शब्द वाचायचे, एकदाच. दिवा, घोडा, मीठ, छत्री, कावळा, तूप, पाटी, साप, सुई, घंटा, टोपी, आरसा. मग विचारायचं, किती आठवतात? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. सगळ्यांना तेच बारा शब्द, नाहीतर तुलना कशी करणार? कलकत्त्याला वसतिगृहातल्या चाळीस मुलांवर मी हे केलं. बहुतेकांना सात आठवले, पहिले दोन-तीन आणि शेवटचे दोन-तीन, मधले गडप. पुस्तकात लिहिलंय तसंच. उरलेली चाळीस माणसं, शाळेचं तोंड न पाहिलेली, मुर्रीत मिळतील असं मी सरांना छातीठोकपणे सांगून आलो होतो. सुट्टी एक महिन्याची, रोज तीन माणसं धरली तरी दिवाळीच्या आत काम फत्ते. हे गणित मी गाडीत बसून मांडलं होतं. गाडीत बसून मांडलेली गणितं नेहमी बरोबर येतात.

इथे आल्या आल्या पहिली अडचण अशी की मी नेमकं काय शिकतो ते गावाला कळेना. बाबांनी सांगून ठेवलं होतं, “मनाचं शास्त्र शिकून राहिला.” झालं. पहिल्याच दिवशी उदाराम मामा येऊन बसला आणि म्हणाला, “मंग सांग, माह्या मनात काय आहे?” मी म्हटलं, मामा, ते नाही येत. “मंग चार वर्सं काय शिकला?” तरी माणसं यायला लागली. बाया यायच्या, पण एकटीने खोलीत बसून दार लोटायचं म्हटल्यावर कोणी तयार होईना, म्हणून शेवटी ओसरीतच बसलो आणि मायला दूर तांदूळ निवडत बसवलं. पहिल्या दिवशीच्या तिघींना सहा, पाच, सात आठवले. दुसऱ्या दिवशीच्या तिघांना आठ, सात, नऊ. तिसऱ्या दिवसापासून दहा, अकरा. शामकला काकी आली, पदर खोचून बसली, डोळे मिटून बाराच्या बारा म्हणून मोकळी झाली. बाई, मी काय आनंदलो होतो म्हणून सांगू! मला वाटलं, मोठा शोध लागला. माणूस लिहायला शिकला की कागदावर विसंबतो आणि आठवण दुबळी होते, न शिकलेला सगळं डोक्यातच ठेवतो, असा एक सिद्धान्तच मी ओसरीवर बसल्या बसल्या रचला. आणि माझा उतावळेपणा तुला ठाऊक आहे. त्याच दिवशी गोंदियाला जाऊन सरांना कार्ड टाकलं, की निकाल अपूर्व येत आहेत, सविस्तर भेटीत.

दिवाळीच्या आधी दोन दिवस उदाराम मामाची पाळी आली. मामा घाईत होता. मी यंत्राला किल्ली देत होतो, एकही शब्द उच्चारला नव्हता, तोवर मामाने खडाखडा बाराच्या बारा शब्द म्हणून टाकले आणि उठला. “झालं ना? आता जातो, बैलं उभे आहेत.” मी किल्ली सोडून त्याची वाट अडवली. मग विचारलं, मामा, तुम्हाला कोणी सांगितले? तर म्हणतो कसा, “आता साऱ्या गावाले पाठ आहेत. लेकरं म्हणून राहिले.” मी तसाच उठून बाहेर गेलो, आणि खरंच, बोडीच्या पाण्याशी भांडी घासणाऱ्या पोरींना माझे बारा शब्द येत होते. मी मायला धरलं. तेव्हा कुठे उलगडा झाला. मी समोर कागद धरून, पेन्सिलीने खुणा करतोय, आकडा मांडतोय, हे बघून मायनेच पाणवठ्यावर सांगितलं होतं, “आमच्या केवलची परीक्षा आहे. लोकाईनं जेवढं बरोबर सांगतलं तेवढे त्याले मार्क भेटतात.” मग काय, पहिल्या दिवशीच्या तिघी, ज्यांनी मला पाच, सहा, सातच मार्क मिळवून दिले होते, त्या दोन रात्री झोपल्या नाहीत. ज्यांची पाळी व्हायची होती त्यांना त्यांनी घरी जाऊन पढवलं. चाळीस माणसांनी मिळून मला पास करायचं ठरवलं होतं.

कलकत्त्याला वसतिगृहात चाळीस मुलं एका छपराखाली राहतात, एका पंगतीत जेवतात, पण एकाने दुसऱ्याला एक शब्द सांगितला नव्हता. उलट प्रत्येकजण गुपचूप येऊन विचारायचा, त्याला किती आठवले? माझ्यापेक्षा जास्त? हा फरक मला आज लिहिताना दिसतो आहे. त्या दिवशी दिसला नाही. त्या दिवशी मी शामकला काकीच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला अक्कल नाही, माझी दोन वर्षं मातीत घातलीत, असं काहीतरी. काकी ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “तुले कमी पडले असते त आमालेच वाईट वाटलं असतं ना बापा,” आणि आत निघून गेली. ज्या बाईने तुला-मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, तिला मी हे बोललो. तीही लाज घेऊनच तुझ्यापुढे यावं लागलं असतं मला. ती चाळीस माणसं आता प्रबंधाच्या कामाची नव्हती, दुसरी शोधायला दिवस नव्हते, सरांना अपूर्व निकालाचं कार्ड पोचलं होतं, आणि पुढे ती टर्म आ वासून उभी होती. मी दोन दिवस ट्रंकेकडे पाहिलं नाही. मग बाबांना गिरणीचं सांगितलं.

बाबा काय म्हणाले असतील असं तुला वाटतं? मला वाटलं रागावतील, जमिनीचा एक तुकडा माझ्या शिक्षणापायी गेला त्याची आठवण देतील. काही नाही. चिलीम झाडली आणि म्हणाले, “गिरणीचं मंग पाहू. उद्या हलका धान कापाले ये. माणसं कमी आहेत.” भाऊबीजेच्या दिवशी तू पाटापाशी वाट बघत होतीस, तेव्हा तुझा एम्.ए. भाऊ विळा घेऊन बांधावर उभा होता. पहिल्या अर्ध्या तासात बोट कापलं. बायांची ओळ पुढे सरकत होती आणि मी त्यांच्या मागे चार हात, एखादा राहिलेला झुबका कापत. शामकला काकी ओळीत होती, पण माझ्याशी अबोला. तिला काही सांगायचं झालं की ती शेजारणीला सांगायची, “त्याले म्हणा, विळा असा धरतेत का?” मी म्हणायचो, काकींना सांगा, चुकलं. शेजारीण बिचारी दोन्हीकडे मान हलवून थकली.

आणि तिथे, बाई, ओळीत वाकलेल्या बाया माझे शब्द म्हणत होत्या. कापणीच्या लयीवर, एका मुठीला एक शब्द. आधी मला राग आला, मग ऐकता ऐकता काहीतरी खटकलं. माझी यादी ‘दिवा’ने सुरू होते आणि ‘आरशा’ने संपते. या बायांची ‘सुई’ने सुरू व्हायची आणि ‘घंटे’ला संपायची. मी घरी जाऊन जुने कागद काढले. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकाने तोच क्रम सांगितला होता. सुई, कावळा, घोडा, साप, आणि शेवटी घंटा. मी मार्क मोजत होतो, क्रम बघितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो, काकीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत तिच्या पायाला हात लावला. म्हटलं, मी मूर्ख आहे, पण मला एक सांग, सुई पहिली का? काकीने विळा खाली ठेवला. मला वाटलं, आता मारते. पण ती हसली. “काऊन म्हणजे? विहिरीच्या काठावर सुई ठेवली. पुढं आंबा, त्याच्यावर कावळा बसला. मातामायच्या ठाण्यावर घोडा, तिथं त मातीचे घोडे राहतेतच. बोडीत साप. फाटकावर दिवा. गिरणीवाल्या सेठच्या डोक्शावर टोपी. अन् गोंदियाच्या शाळेत घंटा. वाटेवर ठेवलं का मंग विसरते कोणी? चालत जाचं अन् उचलत जाचं.” मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? काकीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्वतःच्या बापाचं नाव विचारलंय. “तुह्या बहिणीनं. जमनीनं. तुले नाई माहीत?”

मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं, आणि तरी नव्हतं. तू डोक्यावर भाजीची टोपली घेऊन गोंदियाच्या बाजाराला निघायचीस आणि मी पाटी घेऊन तुझ्यामागे शाळेला. निघताना अख्खी आळी तुला कामं सांगायची, कुणाला मीठ, कुणाला सुई, कुणाला सासऱ्याची तपकीर. लिहून घ्यायला तुला अजून येत नव्हतं. तू ती कामं विहिरीपासून एकेका जागेवर ठेवत जायचीस, आणि परतताना आंब्याजवळ थांबून म्हणायचीस, “इथं काय ठेवलं होतं रे?” माझे धडेसुद्धा तू तसेच ठेवलेस. बोडीच्या पाळीवर सातचा पाढा. फाटकाजवळ राजांची नावं, गाडी जाईपर्यंत सगळी म्हणून झाली पाहिजेत. शाळेत मी आत बसायचो आणि तू बाजार उरकून खिडकीखाली येऊन बसायचीस. माझ्या पाटीवरून अक्षरं तू अशीच उचललीस. खरं सांगतो, मॅट्रिकला, बी.ए.ला, दर पेपरात मी डोळे मिटून मुर्रीहून गोंदियाला चालत गेलेलो आहे. मला वाटायचं, सगळी माणसं अशीच आठवतात. आठवणीवर तीन जाडजूड ग्रंथ वाचले, एक जर्मनमध्ये, आणि आपल्या पायाखालची वाट मला दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

तेव्हापासून आठ दिवस मी पुन्हा ओसरीवर बसतो आहे. नव्या याद्या केल्या, बाराच्या जागी चोवीस शब्द, आणि दर माणसाला वेगळी यादी, म्हणजे पढवायची सोयच नको. हे शहाणपण आधी सुचायला हवं होतं, पण आपल्या घरात अक्कल तुझ्या वाट्याला गेली. ही माझी परीक्षा नाही, चुकलात तर मला काही होणार नाही, हेही घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कोणाचा विश्वास बसलेला नाही. काकी यायच्या आधी मातामायला नारळ फोडून येते. पण निकाल खरे आहेत. पुरुषांना चोवीसातले आठ-नऊ आठवतात, कलकत्त्याच्या मुलांसारखेच, पहिले आणि शेवटचे. तुझ्याबरोबर बाजाराला जाणाऱ्या ज्या बाया होत्या, आणि त्यांनी पुढे ज्यांना शिकवलं, त्यांना एकोणीस, वीस. काकीला एकवीस. उदाराम मामाला सहा, आणि सांगतो, “माह्या मनात बैल होते.” सगळी मिळून एकतीस माणसं झाली. सरांना दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या कार्डात मी फुशारकी मारली होती ती मागे घेतली, काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि विषय बदलून मागितला. सर मान्य करतील की नाही, मला ठाऊक नाही. उत्तर अजून आलेलं नाही. पण मी परत जातो आहे. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “मले माहीत होतं. गिरणीवाला तुले ठेवणारच नव्हता.”

टर्मचं ओझं तसूभर कमी झालेलं नाही, उलट प्रबंध नव्याने लिहायचा म्हणून वाढलंच आहे. काल मी एक गंमत केली. पहाटे उठून गोंदियापर्यंत चालत गेलो आणि अख्खी टर्म वाटेवर ठेवून आलो. विहिरीवर पहिले सहा प्रयोग, त्यांना पाणी लागतं. आंब्याखाली आकडेमोड. ठाण्यापाशी प्रबंधाचं पहिलं प्रकरण. त्या पिवळ्या कुत्र्याचं घर आठवतं ना, जिथे तू मला कडेवर घ्यायचीस? तिथे जर्मन ठेवलं आहे. कुत्रा कधीच मेला, पण जर्मनला तीच जागा योग्य. शाळेशी पोचलो तेव्हा हातात काही उरलं नव्हतं, आणि बघतो तर ऊनही नीट चढलं नव्हतं. सगळं मिळून कोसभर काम आहे. रोज थोडं चाललं तर मार्चपर्यंत पोचतो माणूस. परतताना कितीतरी दिवसांनी मला सडकून भूक लागली आणि मायने चार भाकरी खाऊ घातल्या. मीठ बरोबर होतं.

इकडची बाकी खुशाली अशी. मायचा गुडघा तसाच, पण कापणीला जाऊ नको म्हटलं तर ऐकत नाही. लाल गाय व्याली, वासरी झाली. जागेश्वर भाऊजींनी मोहाच्या झाडांचं विचारलं होतं, ते बाबा समक्ष बोलतील. रुख्माला सांग, मामा येताना रंगीत खडू आणणार आहे, आणि तिसऱ्या गाडीचं उभं राहणं मामा विसरणार नाही.

मी आठ तारखेच्या पॅसेंजरने निघतो, सालेकसाला उतरून एक दिवस तुझ्याकडे राहीन आणि मग पुढे कलकत्ता. आठवड्याने भेटायचंच आहे, तर एवढं लांब पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण एक गोष्ट आहे जी अकरा वर्षं तुझ्यासमोर बसून मला बोलता आलेली नाही, आणि आठ तारखेलाही येणार नाही. मिडलच्या स्कॉलरशिपसाठी मोठे साहेब शाळेत आले होते, तो दिवस. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. साहेबांनी विचारलं, घरी तुला कोण शिकवतं? तू खिडकीखाली होतीस, टोपली शेजारी ठेवून. मला तुझा पदर दिसत होता. आणि मी म्हणालो, कोणी नाही, मी आपला आपणच शिकतो. साहेबांनी पाठ थोपटली. वर्गात सगळे सावकाराचे, वकिलांचे मुलगे होते गं, भाजी विकणाऱ्या बहिणीचं नाव मला घेता आलं नाही. परतताना तू विचारलंस, “साहेब काय म्हणला?” आणि मी म्हणालो, काही नाही. त्या वाटेवर त्या दिवशी तू मला एकही धडा विचारला नाहीस. त्याच फाल्गुनात तुझं लग्न झालं. तू ऐकलं होतंस की नाही, मला आजही माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. म्हणून हे पत्र. प्रबंधात माणसांची नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. पण ही रीत ज्या माणसाची, त्याचं नाव मला पहिल्या पानावर पूर्ण अक्षरांत लिहायचं आहे. लग्न झालेल्या बाईचं नाव असं कागदावर जावं की नाही, ते तू ठरव, भाऊजींना विचारावंसं वाटलं तर विचार. मी येईन तेव्हा हा विषय काढू नकोस. चालणार असेल तर एका कागदावर तुझं नाव तुझ्या हाताने लिहून माझ्या हातात दे, जसं लिहिशील तसंच उतरवून घेईन. चालणार नसेल तर कोरा कागद दे, मी समजेन, प्रबंधात क्रमांकच राहील. मात्र मार्चमध्ये तोंडी परीक्षा असते, टेबलापलीकडे तीन मोठी माणसं बसतात, आणि त्यांतला एकजण विचारणारच, हे तुला कोणी शिकवलं? तिथे मी तुझंच नाव सांगणार आहे. त्याला तुझी परवानगी मागत नाही.

तुझाच,
केवल